मातीचें ऋण : आम्लवर्षा आणि उत्तरेकडील ओढे

पावसाच्या पाण्याइतकें निर्मळ दुसरें पाणी नाहीं, ही समजूत जगांतील बहुतेक लोकांत रूढ आहे. नदीचें पाणी गढूळ होतें, विहिरीचें खारें निघतें, तळ्याचें शेवाळतें. परंतु आकाशांतून पडणारें पाणी भूमीच्या दोषांपासून मुक्त, असें मानूनच माणसानें शेतें पेरलीं व हौद बांधले. ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मँचेस्टर शहरांत प्रथम खोटी ठरली. ती खोटी ठरल्याचा अर्थ सुधारलेल्या राष्ट्रांस पुरतेपणीं उमगावयास पुढें सव्वाशें वर्षें लागलीं, हा इतिहास उद्बोधक आहे. त्याहूनहि उद्बोधक आहे तो त्याचा उत्तरार्ध : पाऊस पुन्हां निर्मळ होऊं लागल्यावरहि ओढे कां सुधारेनात, हा. प्रस्तुत लेखांत या दोन्ही भागांचा थोडक्यांत परामर्श घेण्याचा विचार आहे.

रॉबर्ट अँगस स्मिथ हा स्कॉटलंडचा रसायनशास्त्रज्ञ. १८१७ सालीं ग्लासगो येथें जन्मलेला हा गृहस्थ जर्मनींत गीसन येथें लीबिग या विख्यात आचार्याजवळ अध्ययन करून मँचेस्टरला स्थायिक झाला. कापसाच्या गिरण्या, रंगाचे कारखाने व घरोघरच्या चुली यांच्या धुरानें त्या शहराचें आकाश त्या काळीं काळवंडलेलें असे. धुराविषयीं तक्रारी पुष्कळांनीं केल्या; स्मिथनें पावसाचें पाणी जमवून तपासलें. १८५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें दाखविलें कीं, दूरच्या शेतांवरील हवेंत अमोनियाचा कार्बोनेट, उपनगरांत अमोनियाचा सल्फेट आणि ऐन शहरांत प्रत्यक्ष गंधकाम्ल आढळतें. रंगीत कापड विटणें व लोखंड गंजणें यांचें कारण त्यानें या आम्लांत पाहिलें. पुढें १८७२ सालीं त्यानें हवा व पाऊस याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला; 'आम्ल पाऊस' हा शब्दप्रयोग त्यांत आढळतो.

या स्मिथच्या चरित्रांत एक विलक्षण योगायोग आहे. १८६३ सालीं इंग्लंडांत सोड्याच्या कारखान्यांसंबंधीं एक कायदा झाला. त्या कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वायूपैकीं शेंकडा ९५ भाग बाहेर पडण्यापूर्वींच अडविला पाहिजे, अशी सक्ती त्यानें केली. आणि ती अमलांत आणण्यासाठीं नेमलेला पहिला मुख्य निरीक्षक होता हाच स्मिथ. म्हणजे आम्ल वायु अडवितां येतो, आणि तो अडविल्यानें धंदा बुडत नाहीं, हें इंग्लंडास तेव्हांच अनुभवानें ठाऊक झालें होतें. परंतु सोड्याच्या कारखान्याशेजारचीं शेतें करपत व शेतमालक गाऱ्हाणें घेऊन दारांत येत. कोळशाच्या धुरांतील गंधक मात्र वाऱ्यावर बसून दूर जाई, आणि तो जेथें उतरे तेथून गाऱ्हाणें ऐकूं येत नसे.

तो उतरल्यावर काय घडतें, हें समजण्यासाठीं थोडें रसायनशास्त्र आवश्यक आहे. कोळशांत गंधक असतो. कोळसा जळला म्हणजे त्याचा वायु होतो, आणि हवेंतील प्राणवायु व बाष्प यांच्या संयोगानें त्याचें गंधकाम्ल बनतें. भट्ट्यांच्या व एंजिनांच्या प्रखर उष्णतेमुळें हवेंतील नत्रापासून अशाच रीतीनें नत्राम्ल तयार होतें. आम्लता मोजण्याची 'पीएच' ही पट्टी डेन्मार्कच्या सोरेनसेन या शास्त्रज्ञानें १९०९ सालीं सुचविली. तिच्यांत सात हा अंक समतोलाचा. अंक उतरेल तसतशी आम्लता वाढते, आणि एका अंकाचा उतार म्हणजे दसपट वाढ. हवेंतील कर्बाम्ल वायूमुळें स्वच्छ पावसाचा अंकहि ५.६ च्या आसपास असतो. युरोप व अमेरिकेच्या औद्योगिक टापूंत विसाव्या शतकांत तो चारांच्या घरांत उतरला.

तथापि पाऊस आम्ल झाला म्हणजे ओढा लगेच आम्ल होतो असें नाहीं. दोहोंच्या मध्यें माती असते. आपल्या दख्खनचा काळा फत्तर झिजतांना कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडीत असतो. असल्या भूमींत आम्लाचा जोर ओढ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच मोडतो. दक्षिण नॉर्वे, स्कॉटलंडचा गॅलोवे प्रांत, वेल्सचे डोंगर आणि अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर येथील भूमि तशी भाग्यवान् नाहीं. ग्रॅनाइट, स्लेट असले कठीण व चुन्याला पारखे खडक, त्यांवर मातीचा पातळ थर, आणि त्या थरांत हजारों वर्षांत कणाकणानें सांचलेली कॅल्शियमची अल्प पुंजी, अशी तेथील स्थिति. आम्ल पावसाचा घाला प्रथम या पुंजीवर पडला. ती शिल्लक होती तोंपर्यंत ओढ्यांत कांहींच बिघडलेलें दिसेना. दर पावसाबरोबर थोडें थोडें मुद्दल वाहून जात होतें, आणि त्याचा जमाखर्च कोणी ठेवीत नव्हतें.

पुंजी संपत आली त्याचीं चिन्हें प्रथम नॉर्वेंत दिसलीं. इब्सेननें आपल्या १८६६ च्या 'ब्रांड' या काव्यनाटकांत ब्रिटनच्या कोळशाचा काळा धूर नॉर्वेवर उतरत असल्याचा उल्लेख केला आहे. परंतु कवीचें बोलणें पुरावा म्हणून कोण धरतो? १९२० नंतरच्या दशकांत क्नुट डाल या मत्स्यशास्त्रज्ञानें दक्षिणेकडील पाण्यांतून ट्राऊट मासा कमी होण्याचा व पाण्याच्या आम्लतेचा संबंध जोडला. साल्मन माशांची पैदास करणारे लोक अंड्यांवरून वाहणारें पाणी चुनखडीवरून नेऊं लागले. रोगाचें मूळ ठाऊक नसतांनाहि त्यांना उतारा सांपडला होता. १९५५ सालीं एव्हिल गोरॅम या शास्त्रज्ञानें इंग्लंडच्या सरोवर-प्रांतांतील पावसावरून सिद्ध केलें कीं, वारा कारखान्यांच्या दिशेनें आला म्हणजे पाऊस आम्ल पडतो. १९५९ सालीं नॉर्वेच्या डॅनेव्हिगनें पाऊस, पाण्याची आम्लता व मासे हे तिन्ही दुवे एका सांखळींत ओंवले. या लिखाणांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

उलट त्याच सुमारास एक उपाय असा योजिला गेला कीं, त्यानें दुखणें दूरवर पसरलें. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर धूर व धुकें यांचें दाट आवरण पांच दिवस बसून राहिलें, आणि हजारों माणसें दगावलीं. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहरांतील चुलींचा धूर त्यामुळें कमी झाला, हें मोठेंच काम. परंतु वीजकेंद्रांपुरता उपाय ठरला तो उंच धुराड्यांचा. यॉर्कशायरमधील ड्रॅक्स येथील धुराडें २५९ मीटर उंच आहे. उंचावर सोडलेला धूर शहरावर उतरत नाहीं हें खरें. पण तो नाहींसाहि होत नाहीं. केर आपल्या अंगणांतून काढून शेजाऱ्याच्या अंगणांत लोटावा, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें मध्यें समुद्र होता.

ही गोष्ट उघडपणें बोलून दाखविण्याचें श्रेय स्वीडनच्या स्वांते ओडेन या मृत्तिकाशास्त्रज्ञाकडे जातें. हान्स एग्नर यानें १९४० नंतरच्या दशकांत स्वीडनमध्यें पावसाचें पाणी नियमानें तपासणारीं ठाणीं उभारलीं होतीं. पिकांस पावसांतून किती खत मिळतें हें पाहणें हा त्यांचा मूळ हेतु. पुढें हीं ठाणीं युरोपभर पसरलीं. त्यांचे आंकडे एकत्र मांडतांच ओडेनला दिसलें कीं, आम्ल पावसाचा प्रदेश वर्षानुवर्षें विस्तारत आहे. ऑक्टोबर १९६७ मध्यें त्यानें एका विद्वत्सभेच्या नियतकालिकांत नव्हे, तर 'डागेन्स न्यूहेटर' या स्टॉकहोमच्या दैनिकांत लेख लिहिला, आणि युरोपांतील राष्ट्रें एकमेकांवर जणुं रासायनिक युद्ध करीत आहेत असें मत मांडलें. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक पहिली परिषद भरली तेव्हां स्वीडननें हाच प्रश्न जगापुढें ठेवला. यजमान पंतप्रधान पाल्मे यांच्याखेरीज त्या परिषदेस जातीनें उपस्थित राहिलेल्या पंतप्रधान म्हणजे आपल्या इंदिरा गांधी, हें पुष्कळांस स्मरत असेल.

१९७५ च्या वसंतऋतूंत दक्षिण नॉर्वेंतील तोव्दाल नदीचा बर्फ वितळला आणि सुमारे तीस किलोमीटरच्या पट्ट्यांत ट्राऊट मासे मरून पडले. हिंवाळाभर बर्फांत सांचलेलें आम्ल पहिल्या वितळणाऱ्या पाण्याबरोबर एकदम सुटतें. वर्षाची सरासरी कितीहि बरी दिसली तरी ओढ्यांतील जीवांस ते चार दिवस पुरे होतात. मासे केवळ आम्लानें मरत नाहींत. मातींतील कॅल्शियम संपलें म्हणजे आम्ल तिच्यांतील ॲल्युमिनियम विरघळवून पाण्यांत आणतें. तें माशांच्या कल्ल्यांवर बसतें, श्वास कोंडतो आणि रक्तांतील क्षार पाझरून जातात. आणि हें सर्व होत असतां पाणी मात्र पूर्वीपेक्षांहि अधिक नितळ दिसतें! विषाची एवढी सोज्ज्वळ मूर्ति क्वचितच पाहावयास मिळत असेल.

यानंतरचा काळ वादाचा. ब्रिटनच्या सरकारी वीजमंडळाचें म्हणणें असें कीं, गंधक कमी केल्यानें मासे परत येतील याचा निर्णायक पुरावा नाहीं, आणि खर्च तर प्रचंड. हें सर्व केवळ स्वार्थाचें बोलणें होतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. खुद्द नॉर्वेंतील भूगर्भशास्त्रज्ञ इव्हान रोझेनक्विस्ट यांनीं असा पक्ष मांडला कीं, डोंगरांतील चराई व शेती मागें पडून झाडी वाढली, म्हणून माती आम्ल झाली. या शंकेचें उत्तर मिळाल्याखेरीज गत्यंतर नव्हतें. आणि तें मिळालें तळ्यांच्या गाळांत.

पाण्यांत डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पति असतात. त्यांचीं कवचें गारगोटीच्या जातीचीं असल्यामुळें तीं कुजत नाहींत, वर्षानुवर्षें तळाशीं थरावर थर साठतात. कोणती जात किती आम्लतेच्या पाण्यांत वाढते हें ठाऊक असल्यानें गाळाचा उभा दांडा काढून खालून वर वाचीत गेलें कीं, तळ्याच्या आम्लतेची बखरच हातीं येते. रिक बॅटरबी व रॉजर फ्लॉवर यांनीं गॅलोवेमधील राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तळ्याची ही बखर वाचली आणि १९८३ सालीं प्रसिद्ध केली. तळें शतकानुशतकें स्थिर होतें. सुमारें १८५० नंतर तें आम्ल होऊं लागलें. त्याच थरांपासून गाळांत शिसें व कोळशाच्या धुराचे कण वाढलेले दिसले. आणि त्या तळ्याभोंवतीं नवी झाडी लावलेलीच नव्हती! मँचेस्टरमध्यें स्मिथ बाटल्यांत पाऊस धरीत होता, त्याच वर्षांत या निर्जन तळ्यानें आपल्यापुरती नोंद सुरू केली होती.

त्याच १९८३ सालीं वीजमंडळानें व कोळसामंडळानें दिलेल्या पन्नास लक्ष पौंडांतून ब्रिटन, नॉर्वे व स्वीडन येथील विद्वत्संस्थांचें संयुक्त संशोधन सुरू झालें. मध्यंतरीं १९८५ मध्यें हेलसिंकी येथें एकवीस राष्ट्रांनीं गंधकाचा धूर १९८० च्या मानानें निदान ३० टक्के घटविण्याचा करार केला. ब्रिटन व अमेरिका त्यांत नव्हते. १९८६ सालीं ब्रिटननें कांहीं केंद्रांवर गंधक अडविण्याचीं यंत्रें बसविण्याचें मान्य केलें, आणि १९९४ च्या ओस्लो येथील करारावर त्यानेंहि सही केली. या दुसऱ्या करारांतील तत्त्व अधिक शहाणपणाचें होतें : सर्वांनीं सारखी टक्केवारी घटवावी असें नव्हे, तर कोणती माती किती आम्ल सोसूं शकते हें पाहून त्यावरून मर्यादा ठरवावी. पुढें खाणी बंद पडल्या, कोळशाची जागा नैसर्गिक वायूनें घेतली, आणि १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत ब्रिटनमधील गंधकाच्या धुराचें प्रमाण शेंकडा ९५ हून अधिक घटलें. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं त्या देशांतील शेवटचें कोळशाचें वीजकेंद्र बंद झालें. मनुष्यांनीं आपापसांत करार करून आकाश स्वच्छ केल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं आहेत. त्यांत हें एक ठळक होय.

येथें कथा संपावयास हवी होती. धूर गेला, पाऊस सुधारला, आतां ओढेहि सुधारतील, असा सरळ हिशेब होता. तो चुकला. न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रुक येथें जीन लायकन्स व त्यांचे सहकारी १९६३ पासून पावसाचें व ओढ्याचें पाणी अखंड मोजीत आले आहेत. १९९६ सालीं त्यांनीं तोपर्यंतच्या आंकड्यांवरून निष्कर्ष काढला कीं, पावसांतील आम्ल बरेंच घटलें असलें तरी ओढा त्या मानानें सुधारलेला नाहीं. कारण आम्लानें मातींतील कॅल्शियम व मॅग्नेशियम इतकें धुऊन नेलें आहे कीं, थोडेंसें आम्लहि आतां तिला पेलवत नाहीं. सावकाराचा तगादा थांबला म्हणून कुळाचे बैल गोठ्यांत परत येत नाहींत, तशांतलीच ही गत. खडकाच्या झिजेंतून नवी पुंजी जमेल. पण त्या झिजेची गति वर्षांनीं नव्हे, पिढ्यांनीं मोजावयाची असते. १९९९ सालीं तेथील एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाची भुकटी पसरण्यांत आली, आणि मरगळलेली मेपल झाडें पुन्हां जोमानें वाढूं लागलीं. निदान अचूक असल्याचा याहून चांगला दाखला कोणता?

ओढ्यांतील जीवसृष्टीची हकीकत वेल्समध्यें अधिक स्पष्ट दिसते. तेथें टायवी नदीच्या उगमाकडे लिन ब्रायॅन या जलाशयाभोंवतालच्या लहान लहान ओढ्यांचें निरीक्षण १९८१ पासून चालू आहे. त्यांपैकीं कांहीं मोकळ्या माळांवरून वाहतात, तर कांहीं सरकारी लागवडीच्या स्प्रूस झाडींतून. या झाडांचीं सुईसारखीं पानें धुक्यांतील व वाऱ्यांतील आम्ल गाळून धरतात, म्हणून झाडींतील ओढे अधिक आम्ल निघाले. तेथें डिपर नांवाचा एक पक्षी आहे. तो वाहत्या पाण्यांत बुडी मारून तळाच्या दगडांखालचे किडे वेंचून खातो. आम्ल ओढ्यांवर तो विरळ झाला. जे उरले त्यांचीं अंडीं उशिरां पडत व त्यांचीं कवचें पातळ असत. कारण त्याचें मुख्य भक्ष्य जे मे-माशीसारखे कीटक, ते आम्ल पाण्यांत टिकत नाहींत.

१९८७ सालीं यांपैकीं कांहीं ओढ्यांच्या पाणलोटावर चुनखडी टाकण्यांत आली. पाणी सुधारलें आणि पुढें अनेक वर्षें सुधारलेलेंच राहिलें. परंतु परत यावयाचे ते नाजूक कीटक फारच थोडे स्थिरावले. चुनखडी न टाकलेल्या ओढ्यांचीहि आम्लता धूर घटल्यानें हळूहळू उतरली. तेथेंहि पंचवीस वर्षांनंतर स्टीव्ह ऑर्मरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांस जीवांचें पुनरागमन अपुरेंच आढळलें. याचीं कारणें एकाहून अधिक दिसतात. जोराचा पाऊस झाला कीं चार दिवस पाणी पुन्हां आम्ल होतें, आणि वर्षभराची कमाई त्या चार दिवसांत जाते. हिंवाळे अधिक पावसाळी झाल्यानें असे प्रसंग वाढतात. शिवाय रिकाम्या झालेल्या जागीं आम्ल सोसणाऱ्या जीवांनीं ठाण मांडलें आहे व ते नवागतांस थारा देत नाहींत, असाहि एक तर्क आहे. घर पुन्हां उभें केलें म्हणून गेलेलें कुटुंब परत येतेंच असें नाहीं.

दुसरी एक गोष्ट लोकांस चमत्कारिक वाटली. सुधारणाऱ्या ओढ्यांचें व तळ्यांचें पाणी चहासारखें तांबूस होऊं लागलें. नवें प्रदूषण आलें कीं काय, अशी शंका स्वाभाविक होती. २००७ सालीं डॉन माँटीथ प्रभृति संशोधकांनीं उत्तर अमेरिका व उत्तर युरोप येथील ५२२ तळीं व ओढे तपासून खुलासा केला. कुजलेल्या पानांचा व गवताचा अर्क मातींत असतो. आम्ल पावसाच्या काळांत तो मातींतच बांधला जाई, आणि आतां तो पूर्वीप्रमाणें सुटून पाण्यांत येतो. ज्या नितळपणाची प्रवाशांनीं वाखाणणी केली तो रोगाचा होता, आणि हा तांबूसपणा प्रकृतीचा आहे.

तथापि निराशेचें चित्र रंगविणें हें सत्याला धरून होणार नाहीं. नॉर्वेनें मातीची वाट न पाहतां नद्यांतच चुनखडी सोडण्यास प्रारंभ केला. औडना नदींत १९८५ पासून, तोव्दालमध्यें १९९६ पासून आणि मांदाल नदींत १९९७ पासून हें काम चालू झालें. त्या नद्यांतून साल्मन जवळजवळ नामशेष झाला होता. तो परत आला. चुनखडी मात्र सतत टाकावी लागते, कारण ती उपचार आहे, प्रकृति नव्हे. कोणत्या पिढीस ती थांबवितां येईल हें पाणी नव्हे, माती ठरवील.

या इतिहासाशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. भारतांतील बहुतेक ठिकाणचा पाऊस आम्ल नाहीं. हवेंत उडणाऱ्या चुनखडीयुक्त धुळीनें आम्ल मारलें जातें, असें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील व इतर शास्त्रज्ञांनीं केलेल्या मोजमापांतून दिसून आलें आहे. परंतु पुणें व नागपूर धरून देशांतील दहा ठाण्यांवर पावसाची जी दीर्घकालीन तपासणी झाली, तिच्यांत पावसाचा अंक अनेक ठिकाणीं हळूहळू उतरत असल्याचेंहि आढळलें. कोंकणचा जांभा दगड पाहावा : युगायुगांच्या पावसानें चुना व इतर क्षार धुऊन नेलेल्या भूमीचें तें रूप आहे. तेथील मातीची पुंजी दख्खनच्या काळ्या मातीएवढी नाहीं. डिसेंबर २०१५ मध्यें भारत सरकारनें कोळशाच्या वीजकेंद्रांना गंधकाच्या धुराची मर्यादा घालून दिली. मुदत पुनःपुन्हां वाढविण्यांत आली, आणि जुलै २०२५ मध्यें बहुसंख्य केंद्रांना गंधक अडविण्याच्या यंत्रांतून सूट देण्यांत आली. आपल्या कोळशांत गंधक कमी आहे व खर्च मोठा आहे, हीं या निर्णयामागील कारणें दुर्लक्षणीय नाहींत. परंतु धूळ आणि माती आज जें ऋण आपल्या नांवें मुकाट्यानें फेडीत आहेत, त्याची वही कोणी तरी ठेवली पाहिजे, एवढें तरी या इतिहासावरून म्हणतां येईल.

१८५२ पासूनचा हा काळ डोळ्यांपुढें आणला म्हणजे एक गोष्ट लक्षांत राहते. पुराव्याची मागणी करणारे सर्वच अप्रामाणिक नव्हते, आणि अखेर पुरावा त्यांच्याहि पैशांतूनच मिळाला. परंतु तो मिळेपर्यंतचा काळ रिकामा गेला नाहीं. त्या प्रत्येक वर्षीं मातींतून कांहीं तरी वाहून जात होतें. विद्वानांची सभा तहकूब करतां येते, पाऊस तहकूब करतां येत नाहीं. अन्याय थांबविणें आणि हानि भरून काढणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली करारानें साधते. दुसरीसाठीं वेल्सच्या त्या ओढ्यांकांठीं वर्षामागून वर्ष जाऊन दगड उलटावे लागतात, आणि त्याखालीं एखादी नवी अळी दिसली तर तिची नोंद करावी लागते. ती नोंद अजून चालू आहे.